चौकटीतून उतरलेला दरवाजा

बिजागरीत दोन थेंब तेल. मुलीची उंची मोजत पेन्सिलीने ओढलेल्या आडव्या रेषा, सगळ्यात वरची मोठ्या माणसाच्या छातीशी. अर्धा खाल्लेला डबा. एक शिट्टी. बाहेरून कुलूप.

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घराचा. नवा होतो तेव्हा माझ्या पॉलिशमध्ये बघून लोक भांग पाडत. आता खालून अडकतो, म्हणून येता-जाता लाथ बसते.

या घरातली आई बसमध्ये कंडक्टर आहे. मुलगी आठ वर्षांची. कुठेही चढते, म्हणून तिचं नाव पडलं खारू. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आई कामावर जाताना मला बाहेरून कुलूप लावायची. खारू डबा अर्धाच खाऊन मला पाठ टेकून बसायची आणि शेजारच्या शिंपीणमावशीशी फटीतून बोलायची. मला कुणी विचारलं नाही, पण मला कोठडीचं दार व्हायचं नव्हतं.

यंदा आई म्हणाली, "कुलूप लावायचं नाही. शिबिर शोधायचं."

ती हट्टालाच पेटली. पोहण्याच्या शिबिराची फी ऐकून नुसतं पाणी बघून परत आली. बागेतलं शिबिर परवडत होतं, पण ते दुपारीच सुटायचं आणि तिची बस संध्याकाळी. वाचनालयातलं फुकट होतं. ते केव्हाच भरलं होतं. दर वेळी चपला काढताना ती माझ्यावर हात टेकायची नि म्हणायची, "उद्या दुसरीकडे."

शेवटी शिंपीणमावशी म्हणाली, "अख्खं गाव पालथं घातलंस, शेजारी विचारलंस का? तुझी सुट्टी कधी?"

"बुधवारी."

"माझं दुकान सोमवारी बंद. खालच्या न्हावीकाकांचं मंगळवारी."

"म्हणजे ज्याची सुट्टी, त्याच्याकडे मुलं?"

"आणि ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं."

"मग मी झोपायचं कधी?" आवाज ऐकून वर आलेले न्हावीकाका कुरकुरले.

"दुकानात झोपता तेवढं पुरे," मावशी म्हणाली.

अशी माणसं जुळत आठवडा भरला. जिन्याखालची मोकळी जागा मिळाली. मुलं दहा-बारा, टेबल एकही नाही. आईने माझ्याकडे पाहिलं, हातोडी आणली आणि बिजागऱ्यांच्या पिना ठोकून काढल्या.

"घर उघडं टाकणार?" मावशीने विचारलं.

"चोरायला आहे काय? जे आहे ते खाली खेळेल."

रोज सकाळी चौघं मला खाली नेत आणि विटांवर आडवा ठेवत. संध्याकाळी मी पुन्हा चौकटीत. माझ्यावर काजं शिवली गेली, कात्र्यांना धार लागली, डिंक सांडला. बुधवारी आईने माझ्याखालच्या विटा काढून पाइप सरकवला, मुलांना माझ्यावर उभं केलं आणि धावत्या बसमध्ये काही न धरता कसं उभं राहायचं ते शिकवलं. तोल गेला की ती शिट्टी वाजवी. सगळी पडली. खारू सगळ्यात शेवटी पडली आणि पुन्हा चढली.

मित्रांनो, दाराला तेल घाला, लाथ मारू नका. आणि शेजारच्या दारामागे एखादं मूल एकटं बसलेलं असेल, तर कडी वाजवा. उघडेपर्यंत वाजवा.

सुताराने मला एका शाळेसाठी बनवलं होतं. उंचीला चार बोटं कमी भरलो, म्हणून शाळेने परत पाठवलं.