न्हाणीतली गंगामाई

सकाळी साडेसहालाच बिरादारांच्या न्हाणीसमोर चपलांचा ढीग पडला होता. महिन्याभरापूर्वी जिथं घरचे लोकही नाक धरून शिरत, तिथं आता अख्खी गल्ली अनवाणी, हात जोडून उभी होती. देगलूरपासून दोन कोसांवरच्या त्या गावात साक्षात गंगामाई प्रकटली होती, आणि प्रकटायला तिला पन्नास वर्षांची शेवाळलेली न्हाणीच आवडली होती.

शिल्पाला मात्र त्या न्हाणीची चीड होती. तिथल्याच गुळगुळीत फरशीवर घसरून तिच्या सासूचं, केवळाबाईंचं, खुब्याचं हाड मोडलं. नांदेडच्या डॉक्टरांनी रॉड घातला आणि बजावलं, आता उकिडवं बसायचं नाही. म्हणून शिल्पानं कमोड आणला आणि तो न्हाणीतच बसवण्यासाठी मिस्त्रीला बोलावून जुनी फरशी उखडायला घेतली. मिस्त्रीनं दिवसभर पहार चालवली. दोन दिवसांनी सकाळी भिंतीच्या बुडातून भळाभळा पाणी आलं आणि तासाभरात आपोआप थांबलं.

तिसऱ्या प्रहरी पंचक्रोशीत फिरणारे बुवा, मल्लिनाथ महाराज, हजर. त्यांनी फरशीला कान लावला, डोळे मिटले आणि सांगितलं की ही काशीची गंगा आहे, जमिनीखालून वाट काढत आली आहे. दर पाचव्या दिवशी ती दर्शन देईल. पण इथली घमेलंभर माती जरी हलली, तर वंश बुडेल. काशीहून निघालेल्या गंगेनं वाटेतली सगळी मोठी तीर्थं सोडून बिरादारांची मोरी का गाठली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

काम थांबलं. शिल्पाचा नवरा बालाजी रातोरात देवस्थानाचा विश्वस्त झाला. खोक्यातल्या कमोडलाही कुणीतरी हळदकुंकू वाहून गेलं. आणि केवळाबाई अंगणाच्या कोपऱ्यात, दोन साड्यांच्या आडोशामागं आंघोळ करू लागल्या. दर्शनाची रांग त्या आडोशाला खेटूनच जायची. भर गर्दीत म्हातारी अंग चोरून बसायची, ते बघून शिल्पाचा जीव जळायचा. पण वंश बुडण्याची धमकी दिलेली, सुनेचं ऐकणार कोण?

वाट दाखवली ती गुरुपादप्पानं. हा गावात नळाचं पाणी सोडणारा माणूस, महाराजांचा कट्टर भक्त. एका दुपारी तो शिल्पाजवळ येऊन रडकुंडीला आला.

"वहिनी, माझंच नशीब फुटकं. सगळ्यांना दर्शन झालं, मला एकदाबी न्हाई. मी टाकीवर जाऊन तुमच्या गल्लीचं पाणी सोडून, बंद करून येईस्तोर गंगामाई येऊन गेलेली असती."

शिल्पा त्याच्याकडं बघतच राहिली. गावाला नळ पाचव्या दिवशी येतो. देवीही पाचव्याच दिवशी येते. इथल्या लोकांना पाचव्या दिवसाची इतकी सवय, की देवी रोज का येत नाही हे कुणालाच खटकलं नव्हतं. मग तिला आठवलं: डोळे मिटण्याआधी महाराजांनी तिलाच विचारलं होतं, "बाई, इकडं नळ कवा येतोय?" आणि तिनंच वार-वेळ सांगितली होती.

"गुरुपादप्पा," ती म्हणाली, "येत्या वक्ताला तुम्ही आधी दर्शनाला या. पाणी मागून सोडा."

तर त्या सकाळी गुरुपादप्पा नारळ घेऊन सगळ्यात पुढं बसला होता. सात वाजले. महाराजांनी घंटी वाजवली. साडेसात झाले, फरशी कोरडी. महाराजांनी आवाज चढवला. म्हणाले, गर्दीत कुणीतरी पापी आहे. लोक एकमेकांकडं बघू लागले. आठ वाजता मागून एक बाई वैतागून म्हणाली, "गंगेचं राहू द्या, नळाला का पाणी न्हाई आज?"

"सोडून येतो," म्हणत गुरुपादप्पा उठला. शिल्पानं सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि कोपऱ्यातली सैल फरशी पहारीनं उचलली. खाली गंजका लोखंडी पाइप, मधोमध फुटलेला. सासऱ्यांच्या काळातला नळ, वरून काढला तरी खाली जोडलेलाच राहिलेला. मिस्त्रीची पहार लागली त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, म्हणून पाइप फुटला तरी कळलं नाही.

दहा मिनिटांत पाइप खुळखुळला, आधी नुसती हवा सुटली, मग गढूळ गंगामाई सगळ्यांच्या देखत बाहेर पडली. ब्लीचिंग पावडरचा वासही तोच, घरच्या नळाचा. ही भक्तांची परीक्षा होती, असं पुटपुटत महाराज चपला शोधू लागले.

"गुरुपादप्पानं सोडलं की येतंय, न्हाई सोडलं की न्हाई," शिल्पा म्हणाली. "एवढं कळायला डोळे मिटायचे नस्तेत, उघडायचे असतेत. कुणी काय बी सांगितलं तर इचारा की, कसं? कवा? कुठून?"

बालाजी खाली मान घालून उभा होता. आडोशामागून केवळाबाईंचा आवाज आला.

"एवढं गाव गंगेला आलं. मला आंघोळीला तांब्याभर पाणी कुणी दिलं न्हाई."

बालाजीनं स्वतः जाऊन मिस्त्रीला आणलं. त्यानं आधी पाइपाला बूच मारलं, मग काम धरलं. बाराव्या दिवशी केवळाबाई काठी टेकत कमोड बसवलेल्या नव्या न्हाणीत गेल्या, आणि दीड महिन्यात पहिल्यांदाच त्यांनी आतून कडी लावून घेतली.