मापाचे कागद

आमची ताई एकदा नाही म्हणाली की तिला हलवणं म्हणजे लोखंडी शिलाई मशीन जिन्यावरून वर चढवणं. त्याला दोन दणकट माणसं लागतात. लसीच्या बूस्टरच्या बाबतीत मी एकटीच होते आणि दणकट तर मुळीच नव्हते.

"घेतले ना दोन डोस? बास झालं," ती म्हणायची. "एकाच जागी परत परत सुई घातली की कापड विरतं. मग फाटतं ते नेमकं तिथेच."

"तू काय कापड आहेस?"

"मग काय आहे? हा बघ." आणि ती दंडावरचं सैल कातडं चिमटीत धरून, गिऱ्हाइकाला मालाचा दोष दाखवावा तसं मला दाखवायची.

ताई कोट शिवते. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोक माझ्या शब्दावर घाबरतात नाहीतर सुटकेचा श्वास टाकतात, आणि घरी आलं की माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही. आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं. त्यामुळे तिच्या लेखी मी अजूनही नाक पुसायला शिकवावं लागणारी धाकटीच आहे. तिला लहानपणापासून दमा, त्यात आता साखरेची भर. तो रोग गावात पुन्हा डोकं वर काढत होता. मला तिच्याशिवाय कुणी नाही, हे सरळच सांगते. मला भीती वाटत होती.

घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. रुंद खिडकी, तिच्याखाली कापायचं टेबल, आणि समोरची अख्खी भिंत खिळ्यांनी भरलेली. प्रत्येक खिळ्याला मापाने कापलेल्या तपकिरी कागदांचा एक जुडगा लटकतो. पाठ, पुढा, बाही, कॉलर. एक जुडगा म्हणजे एक माणूस. खिडकी उघडली की सगळे कागद एकदम सळसळतात आणि पुष्कळ माणसं हळू आवाजात बोलत असल्यासारखं वाटतं. ताई एकही कागद टाकत नाही. मूल मोठं झालं, गिऱ्हाईक गाव सोडून गेलं, मेलं, तरी माप भिंतीवरच.

कोपऱ्यातला खिळा भावोजींचा. ते पहिल्याच लाटेत गेले, लस यायच्या आधी. अँब्युलन्सच्या दारात त्यांनी हात हलवला, तेवढंच. त्यांनी स्वतःच्या कोटासाठी निवडलेलं राखाडी लोकरीचं कापड त्या खिळ्याखालच्या फळीवर घडी करून ठेवलेलं होतं. ताईने ना कागदाला हात लावला, ना कापडाला. आणि रडलीही नाही. त्या वेळी मला तिचा थोडा रागच आला होता.

मी तिला परोपरीने समजावलं. लस घेतल्यावर रक्तात अँटिबॉडी तयार होतात, त्या काही महिन्यांत ओसरतात, हे मी रोज मशीनवर बघते. पण त्यांच्या मागे काही पेशी असतात. त्या रोग लक्षात ठेवतात आणि तो आत शिरलाच तर त्याला फुप्फुसात हातपाय पसरू देत नाहीत.

"तू पाहिल्यास त्या पेशी?"

"त्या मोजायचं मशीन आमच्या लॅबमध्ये नाही."

"म्हणजे जे तूच पाहिलं नाहीस, त्यासाठी मी दंडाला भोक पाडून घेऊ." तिने दात लावून दोरा तोडला. विषय संपला.

मग एका सकाळी वकीलबाई आल्या. मागचाच कोट त्यांना पुन्हा हवा होता. त्या भलत्या घाईत होत्या. "माप आहेच तुमच्याकडे," असं म्हणत त्या दाराकडे वळल्यासुद्धा.

ताईने त्यांचा जुडगा काढून टेबलावर पसरला आणि गळ्यातली टेप हातात घेतली. "उभ्या राहा."

"अहो, माप आहे ना?"

"आहे. म्हणून तर तुमची पाठ कशी आहे ते मला झोपेतही सांगता येईल. पण तुम्ही तेव्हा होता तशाच राहिलात का? हात वर करा."

खांदा तोच निघाला. कंबर मात्र पुढे गेली होती. ताईने कागदाला एक पट्टी जोडली, खडूने नवी रेघ मारली आणि कागद परत खिळ्याला लावला. मी कोपऱ्यात चहा पीत बसले होते. माझा चहा तिथेच राहिला.

"ताई, हाच बूस्टर!" वकीलबाईंची पाठ फिरताच मी ओरडले.

"कुठला?"

"आत्ता तू केलंस तो! तुझ्या अंगात मापाचे कागद आहेत. पहिल्या दोन सुयांनी काढून ठेवलेले. कपडे विरतात, कागद राहतात. पण तो मेला रोग दर खेपेला थोडा बदलून येतो. ही सुई टाका घालत नाही गं. नुसतं सांगते, माप परत घ्या."

ताईने भिंतीकडे पाहिलं. टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"दुसऱ्या दंडाला घेईन," ती म्हणाली.

"घे की!"

दवाखान्यात तिने आधी सिस्टरकडून सुई मागून घेऊन पाहिली. वेष्टनातूनच डोळ्यांजवळ धरली आणि "चांगली बारीक आहे" असं प्रमाणपत्र दिलं. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

त्यानंतर महिनाभराने एक गिऱ्हाईक कोटाच्या ट्रायलला आलं आणि नव्या कॉलरमध्ये तोंड घालून मनसोक्त खोकून गेलं. मग ताईला ताप भरला. तपासणी मीच केली, निकालही मीच पाहिला आणि त्या गिऱ्हाइकाला मनातल्या मनात लाखोली वाहिली. डॉक्टरीणबाई येऊन छाती तपासून गेल्या. गोळ्या लिहून दिल्या. "बूस्टर झालाय ते बरं आहे. बहुतेक घरीच निभेल. पण खात्री कुणीच देऊ शकत नाही. ऑक्सिजन उतरला तर क्षणभरही थांबू नका," असं बजावून गेल्या.

"घेतला ना तुझा बूस्टर?" ताई पांघरुणातून म्हणाली. "मग हा आलाच कसा?"

दाराशी अडवणाऱ्या अँटिबॉडी कमी पडतात, खरी मदार आतल्या पेशींवर असते, हे उत्तर मला तोंडपाठ होतं. पण मी नुसतं तिचं पांघरूण सारखं केलं.

उजेड आणि वारा मिळावा म्हणून तिची खाट मी दुकानातच टाकली. अशीच एक दुपार. मास्क लावून मी उशाशी बसले. तिच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या चिमट्यावरचा आकडा लुकलुकत होता, आणि सगळा जीव माझ्या डोळ्यांत गोळा झाला होता. खिडकीतून ऊन तिरपं येऊन भिंतीवर चढत होतं. कागद सळसळत होते. बऱ्याच दिवसांचं जागरण अंगात होतं. माझ्या पापण्या मिटल्या की नाही, मला सांगता येणार नाही.

"धाकटे, गल्ली दिसते आहे," ताई पुटपुटली. "लाल उजेड आहे. घरंच घरं."

आणि मलाही दिसली. उबदार, अरुंद गल्ली. वेशीवरच्या राखणदारांनी त्या रोगाला ओळखलं नव्हतं, कारण त्याने कॉलर बदलली होती. तो एका घरात शिरला आणि तिथल्या माणसांना त्याने स्वतःचेच कोट शिवायला बसवलं. एक झाला की दुसरा, तो झाला की तिसरा. पण त्या गल्लीची एक रीत होती. घरात जे काही शिवलं जाईल, त्याची एक चिंधी खिडकीला टांगायचीच.

"बाया आल्या," ताई म्हणाली.

बाया आल्या. काखेत तपकिरी कागद, कानामागे खडू. घाई नाही, गडबड नाही. प्रत्येक खिडकीपाशी थांबत होत्या, चिंधीवर कागद ठेवून बघत होत्या.

"कॉलर वेगळी आहे," एक म्हणाली.

"असू दे. खांदा बघ," दुसरी म्हणाली. "खांदा तोच आहे."

त्यांनी त्या घराचं दार लावून घेतलं. आतला दिवा मालवला. घर आवाज न करता खाली बसलं, आणि त्या पुढच्या खिडकीकडे निघाल्या.

"एवढ्या बाया आल्या कुठून गं?"

"दुसऱ्या दंडातून," मी म्हणाले.

डोळे मिटलेलेच ठेवून ताई हसली, मग खोकली. मी दचकून आकड्याकडे पाहिलं. तो जागचा हलला नव्हता.

आकडा त्या दुपारी उतरला नाही, नंतरही नाही. काही दिवसांनी ताप उतरला. सकाळी ती उशीला टेकून बसली, मला म्हणाली, "तुझे केस बघ, झाडू झालाय नुसता." मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडून घेतलं.

बाहेर आले तेव्हा ती कोपऱ्यातल्या खिळ्याकडे बघत होती.

"ह्यांच्या वेळी कुठे होत्या गं त्या बाया?"

मी खाटेच्या कडेवर बसले. लॅबमधली सगळी अक्कल त्या वेळी कुठे गेली कोण जाणे. "होत्या, ताई. पण त्यांच्याकडे माप नव्हतं. त्या रोगाचं माप तेव्हा कुणाच्याच अंगात नव्हतं. भावोजींना ताप भरल्यावरच त्या घ्यायला बसल्या असतील. वेळ पुरला नाही."

"बसल्या होत्या ना पण?"

"बसल्या होत्या."

तेव्हा ती रडली. इतक्या वर्षांचं एकदम, आवाज करून, माझा हात घट्ट धरून. मी तिला गप्प केलं नाही.

अंगात ताकद आल्यावर तिने फळीवरचं राखाडी कापड खाली काढलं. झटकलं, उजेडात धरून कसर लागली आहे का पाहिलं. भावोजींचे कागद तिने खिळ्यावरच राहू दिले.

"ऊठ," ती मला म्हणाली. "कोट शिवते तुला."

"माझं माप आहे की तुझ्याकडे."

"शहाणीच आहेस. उभी राहा."

मी उन्हात हात पसरून उभी राहिले. टेप माझ्या पाठीवरून फिरली. खांदा मोजायला ताई अगदी जवळ आली, आणि तिचा श्वास माझ्या मानेला लागला. गरम, सावकाश, एकामागून एक. तिचं मोजून झालं होतं, तरी मी हात खाली घेतले नाहीत.