टर्बोला तेल पाजणारी नळी

मी गाडीतली एक नळी बोलतेय. करंगळीएवढी जाड, हातभर लांब, दोन ठिकाणी वाकलेली. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. चारही चाकांच्या जोरावर चढ चढणाऱ्या एका गाडीच्या इंजिनामागे, पत्र्याच्या आड माझं आयुष्य गेलं. माझ्या एका टोकाला इंजिन, दुसऱ्याला टर्बो. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारी भिंगरी. ती फिरते भोवऱ्यासारखी आणि तापते निखाऱ्यासारखी. तिला तेल पाजत राहायचं, एवढंच माझं काम. कारखान्यात माझी दोन्ही टोकं पोकळ बोल्टांनी आवळली, आणि त्यानंतर मी जागची हलले नाही.

रुस्ताक शहराच्या वर, डोंगराच्या कपारीत गाडीचा मालक मुहन्ना याचं घर आहे. तो लांब वाळवंटात तेलाच्या विहिरीवर कामाला. घरी त्याची बायको झुवैना, वडील हिलाल आणि आई रय्या. रय्याच्या किडन्या निकामी झालेल्या. रक्त शुद्ध करायला तिला सारखं खाली रुस्ताकला न्यावं लागतं, आणि नेते झुवैना.

माणसांना पोचल्यावर फार घाई असते. एवढा चढ चढून आल्यावर इंजिन घटकाभर तसंच चालू ठेवावं, तर नाही. लगेच चावी फिरवायची. माझ्यात उरलेलं तेल तिथंच करपायचं. दुधाच्या पातेल्याला खरवड धरते, तशी माझ्या पोटात काळी खरवड धरत गेली. वाट रोज थोडी अरुंद व्हायची. टर्बो तेलासाठी तडफडायची आणि मला देता येत नसे. ओरडावं, तर दोन्ही तोंडं आवळलेली.

मुहन्नाला संशय आला होता. त्यानं नवी नळी आणलीही, पण "पुढच्या सुट्टीत बघू" म्हणत सीटखाली ठेवून दिली.

मग वादीला, म्हणजे डोंगरातल्या एरवी कोरड्या नदीला, पूर आला. रस्ता बंद, रय्याची एक फेरी चुकली. तिचे पाय सुजले, श्वास लागायला लागला. पाणी ओसरलं तशी झुवैना रस्ता बघायला गाडी काढून गेली, आणि परत येताना चढावर गाडीचा दमच गेला, कशीबशी अंगणात पोचली. मागून निळा धूर आणि पुढून शिट्टी.

ती शिट्टी ऐकून हिलाल अंगणात आला. त्याला डोळ्यांनी कमी दिसतं, पण पाण्याचा टँकर चालवण्यात जन्म गेलेला.

"पोरी, टर्बो रडतेय. अशीच खाली नेलीस तर वाटेत जाम होईल."

"शेजारच्यांची गाडी?"

"सगळे निझवाला लग्नाला गेलेत."

झुवैनानं मुहन्नाला फोन लावून सांगितलं, सीटखालची नळी मीच बसवते. तो ओरडलाच, "हात लावू नकोस! तो बोल्ट गंजलाय. तुटला तर गाडी अंगणातच मरेल. मी आठवड्यानं येतोच आहे."

"आठवड्यानं खाला असेल का?" सासूबद्दल एवढंच विचारून तिनं फोन ठेवला.

ओसरीवर उशीला टेकलेली रय्या धापा टाकत म्हणाली, "माझी किडनी आणि गाडीची नळी, दोघी एकदमच रुसल्या. राहू दे गं. मला जायचंच असेल तर वर जाईन, त्याला गाडी लागत नाही."

"खाला, तुम्ही गप्प खजूर... नाही, खजूरही डॉक्टरांनी बंद केलाय तुमचा. नुसत्याच गप्प बसा!"

रय्या हसली. झुवैना हसली नाही.

इंजिन निवल्यावर तिनं पत्रा काढला. माझ्यावर पहिल्यांदाच ऊन पडलं. खालचा बोल्ट निमूट सुटला. वरचा, टर्बोपाशी असलेला, हलेना. तिनं त्यावर गंज सोडवायचं तेल मारलं, हलके ठोके दिले, थांबली, पुन्हा पाना लावला. मला सुटायचं होतं हो! पण ज्यानं मला धरून ठेवलं होतं, त्या गंजावर माझा काय अधिकार? झुवैनाची बोटं सोलली.

"आधी थोडा आवळ," हिलाल म्हणाला, "मग सोड."

"आवळू? आणि तुटला तर?"

"तुटला तर मुहन्नाला सांग, म्हाताऱ्यानं तोडला."

तिनं डोळे मिटून केसभर आवळला, आणि मग उलटा जोर लावला. कट् असा आवाज झाला. झुवैनाच्या हातातला पाना गळून पडला.

हिलालनं चाचपडत बोट घातलं. "अगं, अख्खा आहे. फिरतोय!"

झुवैना तिथंच मातीत बसली आणि रडली. मग डोळे पुसून उठली. टर्बोच्या तोंडात तिनं थोडं ताजं तेल ओतलं, तांब्याच्या नव्या चकत्या घालून नवी नळी बसवली. डिझेल बंद ठेवून इंजिन नुसतंच फिरवून घेतलं, म्हणजे तेल आधी पुढं पोचेल. मग गाडी सुरू केली आणि सांध्यावर पांढरं फडकं फिरवलं. फडकं कोरडं निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुवैना रय्याला घेऊन खाली गेली. मी अंगणाच्या कट्ट्यावर पडून होते. हिलाल माझ्या शेजारी बसला होता, कहवा निवून गेला तरी त्यानं प्यायला नाही. दुपारी वळणांवरून आवाज चढत आला. आयुष्यभर मी त्या आवाजाच्या पोटात होते. बाहेरून तो मला पहिल्यांदाच ऐकू आला. भरदार, एकसारखा. गाडी थांबली. पुढच्या सीटवर रय्या तोंड उघडं टाकून घोरत होती. आणि झुवैनानं चावी लगेच फिरवली नाही. हात मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहिली, इंजिन निवांत होईस्तोवर.

आता मी कट्ट्यावरच आहे. मुहन्ना आला तेव्हा त्यानं मला तोंडाला लावून फुंकर मारली. पलीकडून हवा जेमतेम निघाली. मग झुवैनाला बसवून चूल पेटवायला तो स्वतः गेला.

पुढेमागे मला भंगारात टाकाल, वितळवाल. खुशाल. एकच मागणं आहे, पुन्हा कशाच्या पोटात आवळून ठेवू नका. दाराची कडी करा. येणारं-जाणारं माणूस तरी दिसेल.