गोमाजींच्या हृदयात आलेले पाहुणे

अॅटॅकनंतरच्या दहा दिवसांत गोमाजींना बघायला कोंढा गावातली चौऱ्याऐंशी माणसं येऊन गेली. सुलोचनाबाईंच्या हिशेबानं त्यातल्या ऐंशींनी सुनेचं कौतुक केलं, तिघांनी डॉक्टरचं, आणि एकानं चहा पातळ आहे म्हणून सांगितलं. चाळीस वर्षं नवऱ्याचं अंथरूण-पांघरूण करणाऱ्या बायकोच्या नावावर काहीच जमा नव्हतं.

सून कामिनी अळणी भाजी रांधायची, गोळ्या वेळेवर द्यायची, रोज सकाळी सासऱ्याला वजनकाट्यावर उभं करायची. "पोरगी नाही, नर्स आहे नर्स!" शेजारच्या गोदावरीबाई म्हणायच्या, आणि सुलोचनाबाईंना ठसका लागायचा.

अकराव्या दिवशी पुतणी डिंपल आली. अॅटॅकनंतर हृदय कसं भरून येतं, यावर ती नागपूरच्या प्रयोगशाळेत काम करायची. ती काकांच्या खाटेवर बसून सांगू लागली, "काका, हृदयाचा तुकडा मेला की शरीराच्या राखणदार पेशी धावत येतात. पहिल्या येतात त्या घाईच्या, साफसफाई करता करता चांगलंही थोडं खराब करतात. मग मेलेलं खाणाऱ्या येतात. मग व्रण भरायले मदत करणाऱ्या. आधी वाटे दोन-चार जाती असतील. आता पाहिलं तं कितीतरी निघाल्या, अन् एकच पेशी आज एक काम करते, आठ दिवसांनी दुसरं."

"म्हणजे बोडीची पार फुटून तळ्याचं पाणी वाहू लागलं का गाव धावते तसं," गोमाजी म्हणाले.

"तसंच. अन् काही तं जन्मापासून हृदयातच राहतात."

सुलोचनाबाईंनी मान वर केली. "मंग त्या घरच्यांचं काय होते वं?"

"दुखापतीच्या जागी त्या बहुतेक मरतात, काकू. बाहेरून आलेल्या त्यांची जागा घेतात."

कामिनी तेवढ्यात पाणी घेऊन आली. सुलोचनाबाई उठून सरळ परसात गेल्या. आजूबाजूला उरलेल्या जुन्या पेशींवाचून दुरुस्ती नीट होत नाही, हे डिंपलचं पुढचं वाक्य त्यांनी ऐकलंच नाही.

त्याच संध्याकाळी गोमाजींचा गुडघा ठणकू लागला. कामिनी म्हणाली, "डॉक्टरले विचारल्याशिवाय काही देऊ नका." झालं! नवऱ्याला काय द्यायचं ते आता हिला विचारायचं?

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकून वाकून कंबर धरली की गावातल्या बाया अंगदुखीची पिवळी गोळी खातात. सुलोचनाबाईंच्या डब्यात त्या गोळ्यांचा पूर्ण पत्ता होता. सकाळ-संध्याकाळ एकेक, कामिनीची पाठ वळली की.

"तुह्या हाताले गुण आहे," गोमाजी म्हणाले. तीन दिवस सुलोचनाबाई अंगणात मिरवल्या.

चौथ्या दिवशी काट्यानं अडीच किलो जास्त दाखवले. गोमाजींच्या पायांवर सूज आली, दोन पावलांत दम लागू लागला.

गोदावरीबाई दारातच होत्या. "कामिनी, मीठ पडलं असन वं तुह्या हातून."

"नाही काकू."

"मंग काय हवेनं सुजले? तुह्याच हातचं खाते ना तो?"

कामिनीचा चेहरा पडला. तेरा दिवस सुलोचनाबाईंनी हेच तर मागितलं होतं. आता नुसतं गप्प बसायचं होतं. त्या बसल्याही, अर्धा मिनिट. खाटेवर गोमाजी उशीला टेकून तोंडानं श्वास घेत होते. कामिनीनं नागपूरला लावलेल्या फोनवर डिंपल विचारत होती, "वहिनी, नवीन काही देल्लं काय? खरं सांग, त्याच्यावर इलाज ठरते."

"नाही हो," कामिनी रडवेली झाली.

सुलोचनाबाईंनी डब्यातून पत्ता काढून सुनेच्या हातात ठेवला. "इनं नाही. मीच देल्ली. सहा."

फोनमधून डिंपलचा आवाज चढला. "काकू, ही गोळी अंगात पाणी धरून ठेवते, अन् हृदयाच्या दुरुस्तीच्याही आड येते! आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याले दवाखान्यात न्या."

गोदावरीबाईंनी सावकाश दोघींकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर होणार, हे नक्की.

कामिनी रागावेल म्हणून सुलोचनाबाई वाट पाहत राहिल्या, पण तिनं गोळ्यांच्या पत्त्याचा फोटो काढून डिंपलला पाठवला, गाडी बोलावली आणि म्हणाली, "आई, तुम्ही बाबाजवळ मागं बसा. त्यांचा दम वाढला की तुमाले माह्या आधी समजते."

गाडी भंडाऱ्याच्या रस्त्याला लागली. गोमाजींचं डोकं खांद्यावर घेऊन सुलोचनाबाई त्यांचा श्वास मोजत होत्या, आणि मनात जळत होत्या: हेबी या पोरीलेच कायले सुचावं?