गावापुरती सुट्टी

शर्यत सुरू होऊन तास उलटला तरी इलेनियाच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. काय विचारायचं ते ठरलेलं होतं, कुणाला तेही. जथ्यात शंभरावर बायका सायकली मारत होत्या, पण असल्या बाबतीत शब्द चालायचा तो एकट्या गेर्डाचा. गेर्डा हॉलंडची, दुसऱ्या संघाची, चाळिशीला टेकलेली. कुणी पडलं तर बाकीच्यांनी थांबायचं की नाही, हे ती नुसती मान हलवून ठरवायची आणि कुणी हूं की चूं करत नसे.

शेवटी इलेनियाने सायकल तिच्या शेजारी नेली. "गेर्डा, एक मागायचंय."

"माग की. पाणी सोडून काहीही माग, माझं संपलंय."

"पुढच्या टेकडीवर माझं गाव आहे."

"ते कळलंय सगळ्यांना. मघापासून रस्ताभर तुझंच नाव रंगवलंय. वाचून वाचून डोळे दुखले."

"लेक आलीये बघायला. चौदा महिन्यांची आहे."

गेर्डाने पुढच्या चाकावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. "कधी भेटलीस शेवटची?"

"पाच आठवडे झाले."

"आणि हे आत्ता सांगतेस? जा. त्या गढीच्या वळणावरून निघ, आम्ही हळू येतो. पण ऐक. थांबायचं. पाय जमिनीला टेकायचा, पोरीचा पापा घ्यायचा, आणि आम्ही आलो की मुकाट मागे लागायचं. ही सुट्टी आहे, शर्यत नाही. मागच्या वर्षी काय झालं ते विसरली नाहीस ना?"

कोण विसरेल? मागच्या वर्षी एका पोरीने 'बाबांना भेटून येते' म्हणून अशीच सुट्टी घेतली, बाबांना लांबूनच हात हलवला आणि जी सुटली ती थेट शेवटच्या रेघेपर्यंत. पहिली आली, फुलं मिळाली, फोटो निघाले. त्या दिवसापासून जथ्यात कुणी तिला आपल्या चाकामागे राहून वाऱ्यापासून आडोसा घेऊ दिला नव्हता.

इलेनियाला फुलांची सवय नव्हती. संघात तिचं काम पाणक्याचं. मागे जायचं, संघाच्या गाडीतून बाटल्या घ्यायच्या, जर्सीत पुढे-मागे कोंबायच्या, आणि पोटुशी असल्यासारखी फुगून पुढे येऊन सगळ्यांना वाटायच्या. संघाची मुख्य खेळाडू मारिट. ती जिंकावी म्हणून बाकीच्या पाच जणी राबायच्या. बाळंतपणानंतर संघाने इलेनियाला परत घेतलं होतं, पण पुढच्या वर्षी ठेवणार की नाही, यावर संघाचा व्यवस्थापक कोराडो काही बोलत नव्हता. आधी डोंगरावरचा सराव, मग ही शर्यत. पाच आठवडे लेक तिला दिसली ती फोनवर, आणि फोनवरची लेक फोन चाटायची.

गढीचं वळण आलं. या मुलखात प्रत्येक टेकडीवर एक गढी, एक चर्च, आणि तिथवर नेणारा एक चढ. इथल्या चढावर इलेनिया सायकल शिकली होती, त्यामुळे कुठला गिअर टाकायचा ते पायांना सांगावं लागलं नाही. मागे गेर्डाने हात वर केला आणि जथा सैलावला. कुणी बिस्किटं काढली, कुणी सायकल कडेला घेऊन द्राक्षांच्या मळ्याकडे पळाली.

कानातल्या यंत्रात कोराडोचा आवाज आला. "इलेनिया, पुढे कुठे?"

"गाव. काल सांगितलं होतं तुम्हाला."

"हां हां. जा."

इथवर सगळं सुरळीत झालं. गोची झाली ती गावात.

टीव्हीवर शर्यत दुपारनंतर दाखवणार होते, त्यामुळे पुढे काय चाललंय याचा गावात कुणाला पत्ता नव्हता. त्यांना दिसलं ते एवढंच: गढीच्या वळणावरून आधी शर्यतीची वाट मोकळी करणारी एक मोटारसायकल आली, तिच्यामागे एकटी इलेनिया, आणि तिच्यामागे कुणीच नाही. आपली पोरगी सगळ्यांना मागे टाकून पहिली येतेय, याहून दुसरा अर्थ या गावात कुणी काढला नसता. सायकलच्या शर्यतीपायी पिढ्यान्‌पिढ्या भांडलेलं गाव ते. पाद्री डॉन एजीदियो घंटेच्या दोरीला लटकले आणि एरवी ईस्टरला वाजते तशी घंटा घणघणू लागली.

"इलेनिया! चल! चल! दाब!"

"मागे बघू नकोस पोरी!"

"कुणी नाही गं मागे, मी बघतोय!"

इलेनियाने वेग कमी केला. तिला चर्चच्या पायऱ्या दिसत होत्या, पायऱ्यांवर सासूबाई पिएरा दिसत होत्या, आणि त्यांच्या कडेवर पांढरी टोपी. ती ओरडली, "अहो, थांबायचंय मला!" घंटेपुढे ते कुणाला ऐकू जाणार! वेग कमी झालेला पाहून खाटीक ओस्वाल्दो धावत आला. बाईचे पाय भरून आले असं वाटून त्याने तिच्या सीटला दोन्ही हात लावले आणि डुक्कर उचलणाऱ्या त्या दंडांनी तिला चढावर ढकलत सुटला. या भागात माया दाखवायची ती अशीच.

"ओस्वाल्दो, सोड! सोड मला!"

"सोडतो का? वरपर्यंत पोचवतो तुला!"

तिचा नवरा लिव्हिओ दुसऱ्या बाजूने धावत होता. काल रात्री फोनवर ती त्याला म्हणाली होती, 'जमलं तर थांबेन.' आता पहिली असताना बाई थांबेल कशी, एवढं त्याला कळत होतं. तो घामाघूम होऊन ओरडत होता, "आमची काळजी नको! तू जा! आम्ही टीव्हीवर बघू!"

आणि पिएराबाईंनी तर कहर केला. सून आपल्याकडेच बघतेय, पोरीला पाहून हिचा पाय अडखळणार, हे त्यांनी ओळखलं आणि नातीला घेऊन सरळ पाठ फिरवली. वरून पदराआड धरावं तशी शाल तिच्यावर ओढली. "बघू नकोस इकडे! जा तू! ही मजेत आहे!"

इलेनियाला दिसली ती टोपीची मागची बाजू आणि शालीतून लोंबणारा एक बूट.

गाव संपलं. ओस्वाल्दो धापा टाकत मागे राहिला. पुढे उतार, दोन्ही बाजूंना हेझलनटच्या बागा, आणि रस्ता असा वळणावळणांचा की शंभर पावलांपलीकडचं दिसू नये.

"इलेनिया!" कोराडोचा आवाज पार बदलला होता. "दीड मिनिट पुढे आहेस! मागे अजून बिस्किटं खातायत सगळ्या. उतार आहे, त्यांना तू दिसणारसुद्धा नाहीस. आज तुझा दिवस आहे. थांबू नकोस. ऐकतेस ना?"

खोटं कशाला सांगा, ती ऐकत होती. पाय आपोआप दाबू लागले. आठ वर्षं बाटल्या वाहून एकदाही ती समोर मोकळा रस्ता बघत शर्यतीत धावली नव्हती, आणि मोकळा रस्ता फार सुंदर असतो. पहिलं वळण तिने असं घेतलं की मोटारसायकलवाला दचकला. गेर्डाचा शब्द आठवत होता. पण शब्दाला काय, जिंकल्यावर माफीही मागता येते. पुढच्या वर्षीची जागा पक्की होईल. घरी फुलं येतील.

मग तिच्या मनात आलं, ती टोपी कुठली? आपण निघालो तेव्हा तिच्याकडे पिवळी होती, कानावर येणारी. ही पांढरी कुणी घेतली? आणि तो बूट. निघताना तिच्या पायात मोजे होते. बूट म्हणजे ती चालायला लागली की काय?

इलेनियाने दोन्ही ब्रेक दाबले.

गावातलं शेवटचं घर थोडं मागे राहिलं होतं. परत फिरावं म्हटलं तर शर्यतीच्या उलट दिशेने सायकल चालवली की थेट बाद. म्हणून ती कडेला उभी राहिली, पाय जमिनीला टेकला आणि कुंपणापाशी खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्याला ओरडून म्हणाली, "लिव्हिओला बोलवा! लवकर!"

म्हाताऱ्याने मागे वळून आवाज दिला, "थांबली रे! इलेनिया थांबली!" पुढच्याने त्याच्या पुढच्याला सांगितलं. तिथून ते चर्चपर्यंत जाईस्तोवर लोकांच्या तोंडी तिचं चाक पंक्चर झालं होतं. उतारावरून पहिला आला तो लिव्हिओ, दोन्ही हातांनी एक चाक डोक्यावर धरून. मागे ओस्वाल्दो, पंप घेऊन.

"कुठलं गेलं? पुढचं का मागचं?"

"चाक नको रे, पोरगी आण!"

"काय?"

"तेक्लाला आण! सुट्टी घेऊन आलेय मी. त्या येतायत, पटकन!"

लिव्हिओ चाक घेऊन नुसता उभा राहिला. त्याला ते सगळं उलगडायला जरा वेळ लागला असता, पण तेवढ्यात पिएराबाई स्वतःच पोहोचल्या. शाल एका खांद्यावर, नात दुसऱ्यावर, आणि तोंड सुरू.

"वेडी का गं तू? पहिली होतीस की! अख्ख्या गावाने घंटा ऐकली!"

"पहिली नव्हते आई. त्यांनी सोडलं म्हणून पुढे आले. तुम्ही पाठ का फिरवलीत?"

"मला काय माहीत! मला वाटलं तुझं नुकसान नको." एवढं बोलून त्या गप्प झाल्या, आणि त्या गप्प झालेल्या इलेनियाने लग्नानंतर प्रथमच पाहिल्या.

तेक्ला घंटेने घाबरून रडून रडून लाल झाली होती. समोर काळा चष्मा आणि हेल्मेट घातलेलं हे काय आहे ते बघून तिने आजीच्या मानेत तोंड खुपसलं. इलेनियाने हात पुढे केले नाहीत. चष्मा काढला. हेल्मेट काढलं. केस घामाने डोक्याला चिकटलेले, कपाळावर पट्ट्याचा वळ. ती नुसती म्हणाली, "टोपी कुणाची गं ही?"

पोरीने मान वळवली. बराच वेळ पाहिलं. वर हेलिकॉप्टरची घरघर जवळ येत होती, लिव्हिओ वरच्या वळणाकडे बघत होता आणि कानात कोराडो ओरडत होता. तेक्लाने हात लांब केला, आईच्या कानातून ते बोलणारं यंत्र उपसून काढलं आणि तोंडात घातलं. मग दुसरा हात आईच्या गळ्यात टाकला.

जड झाली होती. मानेला दुधाबिस्किटाचा वास येत होता. इलेनियाने नाक तिथेच ठेवलं.

"आल्या," लिव्हिओ हळूच म्हणाला.

जथा वळणावरून खाली आला, रंगीबेरंगी, सैल, गप्पा मारत. काहींनी शीळ घातली, कुणी तेक्लाला टाटा केला. इलेनियाने यंत्र पोरीच्या तोंडातून काढून पुसलं, लेक लिव्हिओकडे दिली, हेल्मेट चढवलं. आता तेक्ला रडली, तिच्याकडे दोन्ही हात करून, घसा फाडून. पिएराबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आता जा ना बाई, नाहीतर राहशील मागेच!"

ओस्वाल्दोने ढकललं. या वेळी तिने ढकलू दिलं.

शेवटच्या सायकलींमागे लागल्यावर गेर्डा वेग कमी करून तिच्याजवळ आली. "घेतलीस?"

"घेतली."

"रडली?"

"सोडताना."

"छान." गेर्डाने बाटली हलवून दाखवली, रिकामी. मग पुढे गेली, मान खाली घातली, आणि मिनिटाभरात अख्खा जथा ताणून एका ओळीत पळू लागला. शर्यत पुन्हा सुरू झाली होती.

मारिटला पाणी हवं होतं. इलेनिया मागे राहिली आणि गाड्यांच्या रांगेत आपली गाडी शोधून खिडकीशी गेली. कोराडोने तिच्याकडे न बघता एकेक बाटली दिली. तिने एकेक जर्सीत कोंबली.

"आज जिंकली असतीस," तो म्हणाला.

"असते."

"पुढच्या वर्षाचं मी काही कबूल करत नाही. आधीच सांगतो."

"बरं."

त्याने शेवटची बाटली पुढे केली. इलेनियाने ती धरली, पण त्याने हात सोडला नाही. त्याने गाडीचा वेग वाढवला. बाटलीचं एक टोक त्याच्या मुठीत, दुसरं तिच्या, आणि तिचे पाय स्थिर. असं थोडं ओढून नेलं तर पंच कानाडोळा करतात, जास्त नेलं तर दंड करतात. मागच्या गाडीतल्या पंचाने एकदा हॉर्न वाजवला. कोराडो समोर रस्त्याकडे बघत तोंडातल्या तोंडात शिव्या घालत होता, कुणाला ते कळत नव्हतं. पंचाने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला.

जथ्याचं शेपूट अगदी हाताशी आलं, तेव्हा कुठे त्याने बाटली सोडली.