ब्रेक मारल्यावर येणारा आवाज

घोडबंदरच्या हायवेला लागून वाल्मिकचं गॅरेज आहे. जालन्याहून आला तेव्हा तो दुसऱ्याच्या हाताखाली पाने उचलून द्यायचा. अठ्ठावीस वर्षं झाली त्याला. आता ट्रकवाले त्याला कानाचा मिस्त्री म्हणतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं. बहुतेक वेळा ते खरं निघायचं, आणि खरं निघण्याची त्याला सवय लागली होती.

एका सोमवारी उर्मिलाताईंचा ट्रक आला. नवरा गेल्यापासून टाइल्स वाहून नेण्याचा धंदा त्या एकट्याच बघत होत्या. दोन ट्रक होते, त्यातला मोठा बबनदादांकडे. बबनदादा घोडबंदर गावातलेच, साठीला टेकलेले, मालकांच्या वेळेपासूनचे ड्रायव्हर. उर्मिलाताई त्यांना काका म्हणायच्या. त्या दिवशी त्याही सोबत आल्या होत्या.

"इंजिनात कोनी ठोकल्यावानी वाजतंय," बबनदादा म्हणाले. "सारखं न्हाय. ब्रेक मारलं का सुरू व्हतंय, मंग जरा येलानं बंद."

वाल्मिक हसला. "दादा, ब्रेक चाकाला असतो. इंजिनाला नाही."

तिथे उभे असलेले दोन-तीन ड्रायव्हर हसले. शेजारचा वेल्डर चंदनही हसला.

वाल्मिकने इंजिन चालू करायला लावलं. ठक, ठक, ठक. जड आवाज होता. त्याने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, मग तिसऱ्या सिलेंडरचं डिझेल तोडून बघायला त्याच्या नोझलचा पाइप थोडा ढिला केला; दोष तिथे असेल तर आवाज उतरतो. आवाज कमी झाल्यासारखा वाटला. वाटला एवढंच, पण तो वळून बोलला ते अगदी ठाम.

"बेरिंग गेलंय, ताई. तेलाशिवाय पळवलाय ट्रक."

"न्हाय वो," बबनदादा म्हणाले. "मी रोज सकाली पट्टी काढून तेल बगतंय."

"मग बेरिंग काय आपोआप गेलं? खरं बोल ना. एखाद दिवशी विसरला असशील. वय झालं आता तुझं."

इतकी वर्षं तो त्यांना 'अहो दादा' म्हणत आला होता. 'तू' कधी तोंडातून निघालं ते त्यालाही कळलं नाही. सगळ्यांना मात्र ते ऐकू गेलं.

उर्मिलाताईंनी थोडा वेळ बबनदादांकडे पाहिलं. मग हात पुढे करून किल्ली मागितली. "काका, सध्या घरी थांबा. मी कळवते." बबनदादांनी किल्ली दिली, केबिनमधून आपला डबा आणि टॉवेल काढला आणि हायवेच्या कडेने गावाकडे चालत गेले.

दुसऱ्या दिवशी वाल्मिकने इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं. तेल भरपूर होतं, स्वच्छही होतं. त्यात धातूचा एक कण नव्हता. त्याने एकेक बेरिंग काढून बोटाने चाचपलं, उजेडात फिरवून पाहिलं. सगळी धड होती. तो बराच वेळ ट्रकखाली तसाच पडून राहिला. चंदनने बाहेरून विचारलं, "क्या उस्ताद, निकला?" तो म्हणाला, "देख रहा हूँ."

त्याने सगळं पुन्हा जोडलं. ठोका होताच. त्याने सगळी नोझल तपासली, इंजिन ज्यावर बसतं ती रबरं तपासली. गुरुवार उजाडला तरी आवाज सापडेना. दुपारी दुसऱ्या गाडीला जागा करायची म्हणून तो ट्रक मागेपुढे करत होता. जागा अरुंद असल्यामुळे पुन्हा पुन्हा ब्रेक दाबावा लागत होता. इतका वेळ शांत असलेलं इंजिन ठोकायला लागलं. तो थांबला. हवेचा काटा हळूहळू वर चढला, टाकी भरली, आणि आवाज बंद झाला.

त्याने मुद्दाम चार वेळा ब्रेक दाबला. काटा खाली आला. ठक, ठक, ठक.

ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. हवा भरणारा कंप्रेसर इंजिनाच्याच अंगाला बसवलेला असतो, इंजिनाच्याच गिअरवर फिरतो. ब्रेक मारला की हवा खर्च होते आणि कंप्रेसर कामाला लागतो. वाल्मिकला हे झोपेतही सांगता आलं असतं. बबनदादांनी त्याला जागा दाखवावी तसं सांगितलं होतं, आणि तो हसला होता.

आणि एवढंच नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी हा कंप्रेसर त्यानेच खोलून दुरुस्त केला होता. त्याने तो उतरवला. गिअरचा नट हाताने फिरत होता. त्यामागचं, नट सैल होऊ न देणारं लॉक वॉशर जुनं, कान तुटलेलं. त्या संध्याकाळी नवीन आणायचा कंटाळा आला होता आणि 'चालतंय' म्हणत त्याने तेच पुन्हा बसवलं होतं. त्याला ते लख्ख आठवलं.

नवीन वॉशर घालून त्याने नट आवळला. अर्ध्या तासाचं काम. इंजिन एका लयीत चालू लागलं.

संध्याकाळी उर्मिलाताई आल्या. इंजिन ऐकून त्यांचा चेहरा सैल झाला. "बेरिंगच होतं ना, वाल्मिकभाऊ?"

त्याने चिंधीला हात पुसले. "हो, ताई."

चंदन मागून म्हणाला, "उस्ताद का कान है, मैडम." वाल्मिकने मान वर केली नाही.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी तो बायकोबरोबर, पंचशीलाबरोबर, केबिन रोडच्या बाजारात गेला होता. तिला चादरी घ्यायच्या होत्या. साड्यांच्या एका दुकानाबाहेर स्टुलावर वॉचमन बसला होता, निळा शर्ट खांद्यांवर ढगळ. वाल्मिक पुढे निघून जाणार, इतक्यात त्या माणसानेच उठून हाक मारली.

"वाल्मिक! ट्रक बरा झाला ना?"

"झाला, दादा."

"बरं झालं." बबनदादा जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "चूक माजीच व्हती बग. मी लय इचार केला. मागच्या महिन्यात नातीला ताप व्हता, तवा दोन दिस मी घाईत निंगालो. तवाच पट्टी बगायची राह्यली असंल. बाईंना सांग, मना मापी करा म्हनावं."

वाल्मिक दुकानातल्या साड्यांकडे बघू लागला. पंचशीलाच म्हणाली, "सांगतील हो ते."

चादरी न घेताच तो घरी परतला. नवघरच्या त्यांच्या खोलीत तिने दार लावलं आणि विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगितलं, वॉशरसकट. पंचशीलाने रिकामी पिशवी खुंटीला लावली. मग म्हणाली, "चूक कोणाच्याही हातून होते. पण तो माणूस न केलेली चूक डोक्यात शोधत बसलाय, आणि तुम्ही त्याला शोधू देताय."

सकाळी तो उर्मिलाताईंच्या ऑफिसात गेला आणि उभ्यानेच बोलला. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मीही काकांवर विश्वास ठेवला नाही. माझं मी बघेन. पण तुम्ही चारचौघांत बोलला होतात, चारचौघांतच सांगा."

दुपारी त्या बबनदादांना घेऊन गॅरेजवर आल्या; मोठा ट्रकही त्यांनी दुसऱ्या ड्रायव्हरकडून तिथे आणवून घेतला होता. वाल्मिकने चंदनला बोलावलं, समोर थांबलेल्या ड्रायव्हरांना बोलावलं. ते जुनं वॉशर तळहातावर ठेवून त्याने सांगितलं. आधी मराठीत, मग हिंदीत, कारण त्या दिवशी हसलेल्यांत हिंदीवालेच जास्त होते. "बबनदादा की कोई गलती नहीं थी. गलती मेरी थी. और मैंने झूठ बोला." त्याचे कान तापले होते. या वेळी कोणी हसलं नाही.

"दादा, मला माफ करा," तो म्हणाला आणि वाकला.

बबनदादा एक पाऊल मागे सरकले. "पाया नको पडू." ते म्हणाले. "दोन आठवडे झोप न्हाय मना. कंच्या दिशी चुकलो, कंच्या दिशी चुकलो, हेच डोक्यात. माजी बायको बोलली, तुमी कदी विसरत न्हाय. मी तिलाच खोटी पाडली."

उर्मिलाताईंनी दोन्ही हातांनी किल्ली पुढे धरली. बबनदादांनी ती घेतली, ट्रकमध्ये चढले आणि वाल्मिककडे न बघता गाडी बाहेर काढली.

दोन महिन्यांनी तोच ट्रक तेल बदलायला आला, तेव्हा तो चालवत होता यतीन, उर्मिलाताईंच्या दुसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर. वाल्मिकने विचारलं, "बबनदादा बरे आहेत ना?"

"बरे आहेत की. इथपर्यंत तेच घेऊन आले. हे काय, समोर चहा पितायत. म्हणाले, आत तू ने."

वाल्मिकने रस्त्यापलीकडे पाहिलं. टपरीच्या बाकावर बबनदादा गॅरेजकडे पाठ करून बसले होते. त्याने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मधून एकामागून एक कंटेनर जात होते. रस्ता मोकळा झाला तरी तो तिथेच उभा राहिला, आणि मग तेल बदलायला ट्रकखाली शिरला.