बाहेरच्या बाजूची बोट

मॉरिसची बोट आमच्या बोटीला येऊन चिकटली आणि त्यानंतर काही दिवसांतच मेबलचा चेंडू घरंगळायला लागला. लाकडी जमिनीवर कुठेही ठेवा, तो डुलत डुलत मागच्या टोकाला, आमच्या पलंगापाशी जायचा. नऊ महिन्यांच्या मेबलला ती मोठी गंमत. रांगत जायची, चेंडू पकडायची, हसून पुन्हा सोडून द्यायची. मला मात्र हसू येत नव्हतं. मॉरिसने दोऱ्या आवळून आमची बोट कलती केली, असं माझं ठाम मत झालं होतं.

ली नदीच्या कालव्यात आता काठाला जागा म्हणून उरलेली नाही. लंडनची भाडी परवडेनात, तेव्हा निम्मं शहर पाण्यावर राहायला आलं. काठाला एक बोट, तिला बांधलेली दुसरी, कधी तिला तिसरी. बाहेरच्याने आतल्या बोटीच्या पुढच्या फळीवरून काठावर उतरायचं. त्याला कुणाची ना नसते. पण आधी छतावर टकटक करायची, बांधू का म्हणून विचारायचं, चहा घ्यायचा, ही रीत. मी मेबलला झोपवत होते तेव्हा मॉरिस आला आणि न विचारता दोऱ्या टाकून मोकळा झाला. पडदा सरकवून पाहिलं तर हातभर अंतरावर त्याची खिडकी, त्यात पांढऱ्या दाढीचा चेहरा. मी पडदा लावून घेतला तो लावलेलाच राहिला.

आमच्यासारख्या कायमची जागा नसलेल्या बोटींनी दर पंधरवड्याला पुढे सरकायचं असतं. माझा नवरा केलब सोमवारी लीड्सला बांधकामावर जातो तो शुक्रवारी उशिरा येतो. तिथून आला की दिवसभर झोपतो. कडेवर मूल घेऊन, पाणी भरून बोट वरच्या टप्प्यात चढवणाऱ्या लॉकचे ते ओंडक्यासारखे दरवाजे एकटीने ढकलणं मला जमत नाही. म्हणून आम्ही राहिलो तिथेच राहिलो. आणि एक दिवस खिडकीला कालव्याच्या ऑफिसची, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली नोटीस: सरका, नाहीतर परवाना पुढे मिळणार नाही. परवाना गेला की बोट गेली. आमचं घर तेवढंच.

"पण कळवलं कुणी?" मी डॉटला विचारलं. डॉट आमच्या पुढच्या बोटीत राहते, आणि कालव्यावर काय चाललंय ते कालव्याच्याही आधी तिला कळतं. "तो सायकलवाला तपासनीस तर क्वचित दिसतो."

"तुझा शेजारी फोटो काढतो, ठाऊक आहे ना?" ती कपडे वाळत घालता घालता म्हणाली. "तुझ्या बोटीचे. मागच्या बाजूचे. मी दोनदा पाहिलंय."

"मागे नंबर असतो आमचा."

"मग? आणखी कशाला काढेल? तुझं बूड इतकं देखणं आहे होय?"

त्या रात्री केलबला फोनवर सांगितलं. तो जांभई देत म्हणाला, "अगं, एकटा म्हातारा आहे. बदकांचे काढत असेल."

"बदकांवर आपला नंबर रंगवलाय का?"

त्यानंतर मॉरिसची पावलं आमच्या फळीवर वाजली की मी मेबलच्या तोंडात पटकन बिस्किट द्यायचे. आतलं काही त्याच्या कानावर पडायला नको. पावलं मध्येच थांबायची. मग पुन्हा निघायची. का थांबतो हा? काय ऐकतो?

गुरुवारी सकाळी पडद्याच्या फटीतून तो दिसला. त्याच्या बोटीच्या मागच्या टोकाला गुडघ्यावर बसून, हात लांब करून, फोन आमच्या बोटीकडे रोखलेला. मी मेबलला झोळीत घेतलं आणि बाहेर गेले.

"मॉरिस! काय चाललंय?"

तो दचकलासुद्धा नाही. सावकाश उठला. "फोटो काढतोय."

"ते दिसतंय मला. पाठवता कुणाला?"

"कुणालाच नाही. साठवून ठेवतोय. उद्या कुणी विचारलं तर असावेत." मग डोळे बारीक करून म्हणाला, "तुझ्या बोटीचा विमा आहे ना, पोरी?"

"तुमचा काय संबंध?"

"माझ्या दोऱ्या तुझ्या बोटीला आहेत, हा संबंध. तू तळाला गेलीस तर मला ओढून नेशील."

मला काहीच कळेना. त्याने फोन माझ्यासमोर धरला आणि बोटाने एकेक फोटो सरकवत गेला. सगळे एकाच जागेचे. आमच्या इंजिनचा धूर जिथून बाहेर पडतो, ते पाइपचं गोल तोंड. पहिल्या फोटोत ते पाण्याच्या चांगलं वीतभर वर होतं. मग चार बोटं. आजच्या फोटोत पाणी त्याला चाटत होतं.

"मागून बसतेय तुझी बोट. आता ती वरची, इंजिनला हवा देणारी जाळी बघ. तिथवर पाणी पोचलं की संपलं. सामान काढायलाही वेळ मिळत नाही."

"आणि तुम्ही नुसते फोटो काढत बसलात?"

"मला वाटलं तूच बुडवतेयस."

"मी?"

"खिडकीला नोटीस. पडदे बंद. नवरा बेपत्ता. विम्यासाठी हल्ली बुडवतात लोक."

"लेकरू आत ठेवून?"

मेबलने तेवढ्यात त्याच्या कोटाची चेन मुठीत धरली होती. तो तिच्याकडे बघत राहिला. "तेवढं एक जुळत नव्हतं," तो पुटपुटला. "म्हणून तर फळीवर थांबून कानोसा घ्यायचो. पोरगी आत आहे का बघायला."

आम्ही मागची फळी उचलली. खाली काळं, तेलकट पाणी इंजिनच्या पोटापर्यंत आलेलं. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बोटीतून बाहेर पडतो तिथे थोडंफार ठिबकणारच, ते सगळ्यांकडे ठिबकतं. ते उपसायला पंप असतो.

"पंप कुठाय तुझा?"

पंप! तो आमच्या पलंगाला लागूनच आहे. घुंई करून सुरू झाला की मेबल दचकून उठायची. एका शनिवारी मी रडकुंडीला आले तेव्हा केलबने बटण बंद केलं. "सोमवारी निघताना चालू करतो," म्हणाला. सोमवारी गाडी चुकेल म्हणून तो बूट हातात घेऊन पळाला होता.

मी बटण दाबलं. पंप खाकरला, मग बोटीच्या कुशीतून काळ्या पाण्याची जाड धार कालव्यात पडायला लागली. मेबलने भोकाड पसरलं. ते भोकाड मला इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

मॉरिस धारेकडे बघत म्हणाला, "पूर्वी इथे सुट्टीत फिरायला येणाऱ्या चार बोटी असायच्या. एखादी जरा बसलेली दिसली की छतावर टकटक करून सांगायचं, झालं."

"मग केली का नाही टकटक?"

"हल्ली टकटक केली की लोक आधी फोन काढतात."

"आणि तुम्ही काय काढलंत?"

त्याने नाक चोळलं.

"ऑफिसला तुम्ही नाही कळवलंत?"

"नाही." कोटातून त्याने घडी केलेलं प्लास्टिक काढलं. त्याच्या नावाची तशीच नोटीस. माझा विश्वास बसला. म्हणजे बराचसा बसला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बोटी एकमेकींना बांधून आम्ही निघालो. मॉरिसने सुकाणू धरलं. लॉकपाशी तो उतरून दरवाजे ढकलायचा तेव्हा मी त्याच्याकडून सुकाणू घ्यायचे. बोट पाण्याबरोबर वर चढताना झोळीतली मेबल खाली घसरणाऱ्या ओल्या भिंतीकडे आ वासून बघत होती. वरच्या टप्प्यात गवताच्या काठाला जागा मिळाली. मी नोटीस फाडली. चेंडू जमिनीच्या मधोमध ठेवला. तो तिथेच राहिला. मेबलने त्याला ढकललं आणि तो काही जाईना म्हणून माझ्याकडे तक्रारीने पाहिलं.

संध्याकाळी धप्प आवाज झाला. दोन्ही बोटी हलल्या. मी पडदा सरकवला. समोरच्या खिडकीत मॉरिसनेही आपला सरकवलेला होता, आणि त्याच्या पलीकडे एक नवी निळी बोट. छतावर सायकल, तीन कुंड्या, एक टोपीवाला तरुण. न विचारता दोऱ्या टाकत होता. आता तो आमच्या दोघांच्याही फळ्यांवरून जाणार.

मॉरिसने खिडकी उघडली. मीही उघडली.

"तुमच्याकडे टकटक केली का त्याने?" मी हळूच विचारलं.

"छे. तू याला कुठे पाहिलंयस?"

"नाही."

"फोटो काढून ठेव."

फोन माझ्या हातातच होता.